रिकामा दिसणारा पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्ह हातात आला की त्यात काय दिसतंय ते मी बघत नाही, किती जागा भरलीय ते आधी बघतो. ही सवय मी आळेफाट्याच्या आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला फुकट शिकवली. माझ्या भागीदाराला मात्र ती लागली नाही, आणि लागायला हवी होती ती नेमकी त्यालाच.

तो माझा जुन्नरच्या कॉलेजातला दोस्त. त्याच्या घरी बागायत, आमच्या घरी आबांचा आवाज. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आम्ही दोघांनी फाट्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. शेजारी टायरवाला, समोर गाड्यांचा धुरळा. त्या धुरळ्यानं सीडी ड्राइव्ह पटापट मरायचे. पुढे तर सीडीची खाचच नसलेले छोटे लॅपटॉप यायला लागले, म्हणून मी पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला शिकलो. पेन ड्राइव्ह असा तयार करायचा की कॉम्प्युटर आतल्या डिस्कऐवजी त्याच्यावरून सुरू होईल. त्याला म्हणायचं बूटेबल. काम अवघड नाही. मात्र तो तयार होताना आधी आतलं सगळं पुसलं जातं. तसं विचारलंही जातं पडद्यावर, पण विचारलं जातं इंग्रजीत, आणि इंग्रजी प्रश्नाला न वाचता 'येस' म्हणून टाकायची आमच्याकडे रीत आहे.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्या गावच्या विहारात वंदना तेच घ्यायचे आणि जयंतीला गाणी तेच म्हणायचे. आंबेगावकडच्या वाड्यावस्त्यांवरूनही त्यांना बोलावणं यायचं. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जाईल असा गळा. त्या गळ्यातच गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील पण आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आधी आबांना मी ओट्यावर बसवलं आणि मोबाइलवर त्यांची गाणी घेतली. गळा दुखत होता, तरी ते एकामागून एक म्हणत राहिले. आई दारात उभी राहून ऐकत होती. नंतर ती गाणी मी मोबाइलमधून काढून दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकली, कारण त्यात तेवढी जागा नव्हती.

ऑपरेशन झालं. आबा गळ्यावर पांढरं फडकं बांधून घरी आले आणि ओठ हलवून बोलायला लागले. आईला ते समजायचं, मला निम्मं समजायचं.

एक दिवस सकाळी दुकानात मी त्यांचं गाणं लावलं. मोठ्यानं नाही, आपलं काम करता करता. तेवढ्यात एक बागायतदार प्रिंटर घेऊन आला. खुर्चीत बसला, कान दिला आणि म्हणाला, "दुसरं कायतरी लावा की. सकाळ सकाळ कशाला हे?"

मी काही बोलायच्या आत भागीदारानं हात लांब करून गाणं बंद केलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "जाऊ दे राव, गिऱ्हाईक हाय. त्याला कशाला दुखवायचं?"

मला दुखवलं हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. भांडण मी केलं नाही. त्याच दिवशी सगळी गाणी दुकानाच्या कॉम्प्युटरवरून काढली आणि माझ्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर नेली. कॉपी नाही, कट. त्या मशीनवर आबांचा आवाज मला ठेवायचाच नव्हता. फोल्डर असा लपवला की पेन ड्राइव्ह उघडला तर पांढरा पडदा दिसावा. त्या काळात गावोगावचे पेन ड्राइव्ह दुकानात यायचे, सोबत व्हायरस आणायचे आणि कुणीही कशातही बोटं घालायचं. म्हणून तो माझ्या खणात कुलूप लावून ठेवला. घरी कॉम्प्युटर नव्हता. जुना एक जुळवत होतो, तो तयार झाला की घरी न्यायचा आणि आबांना त्यांचीच गाणी ऐकवायची, असं आईला सांगून ठेवलं होतं. आबा रोज संध्याकाळी हाताच्या खुणेनं विचारायचे, झाला का?

मग दसरा आला. आमच्या घरी त्या दिवशी विहारात कार्यक्रम असतो, धम्मचक्र प्रवर्तनाचा. मी गावात होतो. भागीदारानं दुकानात पूजा मांडली. दसऱ्याला गॅरेजवाला पान्हे पुजतो, शेतकरी अवजारं पुजतो, आम्ही स्क्रू ड्रायव्हर, केबलची टोकं दाबायची क्रिम्पिंगची पकड, सीड्या आणि पेन ड्राइव्ह. एकही हत्यार पूजेवाचून राहू नये म्हणून त्यानं दुसऱ्या किल्लीनं माझा खणही उघडला. माझ्या मागं माझ्या वस्तूंनाही हळदकुंकू लागावं, एवढा त्याचा चांगुलपणा. वाईट हेतूनं केलं असतं तर बरं झालं असतं, राग तरी सरळ धरता आला असता.

पूजा झाली आणि मुहूर्तावर घेतलेला छोटा लॅपटॉप घेऊन एक जण आला. आत विंडोज नव्हतं. दुकानाचा बूटेबल पेन ड्राइव्ह नेमका मी आदल्या दिवशी बाहेरच्या कामासाठी पिशवीत टाकून नेलेला. भागीदारानं ताटातला एक उचलला आणि उघडून बघितला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आलो तेव्हा माझा पेन ड्राइव्ह मशीनला लागलेला होता. टोपणावर कुंकू, बाजूला झेंडूची पाकळी. मी खण बघितला. कुलूप जागेवर होतं, खण रिकामा होता.

"ह्याच्यावर काय टाकलंस?" मी विचारलं.

"विंडोज. तुझ्यासारखाच बूटेबल केला राव, एका दमात झाला!" त्याला शाबासकी हवी होती.

"आत आबांची गाणी व्हती."

"न्हाई रं. उघडून बघितला की मी. रिकामा व्हता."

"किती जागा भरलीय, ते बघितलं?"

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आरं, एवढं काय मनाला लावून घेतो? आबांना घेऊन ये हितं. परत रेकॉर्ड करू की."

हा माणूस आबांना भेटायला दवाखान्यात आला होता. गळ्यावरचं फडकं त्यानं बघितलं होतं, बाहेर येऊन डोळे पुसले होते. आणि तोच हे बोलला. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, चेहरा उतरला, त्यानं कान पकडले. त्यानं काय होणार होतं? आधी त्यानं आबांचा आवाज बंद केला गिऱ्हाइकासाठी, मग पुसला तोही गिऱ्हाइकासाठीच. मी त्याला माफ केलेलं नाही. दुकानातून मी अंग काढून घेतलं, त्यावर लोक म्हणाले, एवढ्याशा पेन ड्राइव्हपायी भागीदारी मोडली. म्हणोत.

पुसलेलं परत काढायचे जेवढे प्रोग्रॅम मला माहीत होते, तेवढे मी त्या पेन ड्राइव्हवर चालवून बघितले. गाण्यांच्या जागेवर विंडोजच्या फायली बसल्या होत्या. फोल्डरचं नाव मिळालं, गाण्यांची नावं मिळाली, पण उघडायला गेलं की एकही वाजेना. शेवटच्या एका गाण्याची सुरुवात तेवढी हाताला लागली. तो तुकडा वाचला कसा, देव जाणे, आणि देवावर माझा विश्वास नाही.

जुळवलेला कॉम्प्युटर घरी नेला. आई हात पुसत आली. आबा फडकं नीट करून समोर बसले. सगळं गेलंय हे मी आईला सांगितलं होतं, आबांना सांगायचं धाडस झालं नव्हतं. वाटलं, तुकडा ऐकवावा, मग सांगावं. मी तो लावला.

कॉम्प्युटरमधल्या आबांनी घसा खाकरला. भरदार, त्यांचा पूर्वीचा. आई भिंतीला टेकली. मग आबांचाच आवाज आला, "चालू झालं का रं?"

त्यावर माझा आवाज, "झालं आबा, म्हणा."

पुढे नुसती खरखर.

आबा मांडी घालून ताठ बसले, नेहमी गाण्याआधी बसायचे तसे. डोळे मिटले आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. खरखर संपून कॉम्प्युटर गप्प झाला तरी त्यांचा ठेका चालूच होता. शेवटी मी त्यांचा हात धरून थांबवला.