ते नाव तिला घेता येत नव्हतं

गेल्या हिवाळ्यात सुमनबाई आमच्या प्रार्थनासभेला पहिल्यांदा आल्या, तेव्हा नमस्कार करायच्या आधी मी त्यांच्या मागं कुणी उभं आहे का ते पाहिलं. नळदुर्गात आमची सभा पत्र्याच्या एका खोलीत भरते. मी तिथला पाळक, लोक पास्टर म्हणतात. नवं माणूस आलं की मला आनंद व्हायच्या आधी प्रश्न पडतो, हे स्वतःहून आलं की कुणी पाठवलं? कुणी नुसतं ऐकून बाहेर सांगायला येतं, कुणी भांडण उकरायला, कुणी मिशनच्या शाळेतल्या प्रवेशाच्या आशेनं. माझं घर मजुरी करणारं. त्यातून देवानं मला पदवीपर्यंत शिकवलं, पाळक केलं, त्याचे उपकार मी रोज मानतो. पण माणसावर विश्वास कसा ठेवावा, हे मात्र कुठल्या वर्गात शिकलो नव्हतो.

सुमनबाई अणदूरजवळच्या एका वस्तीवरून एकट्याच यायच्या. चाळिशीच्या असतील. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या एका बाईनं त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती, तेव्हापासून ओढ लागली म्हणाल्या. पुढं त्यांनी बाप्तिस्मा मागितला. मी विचारलं, "का घ्यायचाय?"

"मालकानं बोलावलं."

आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. नवरा स्वतः येत नाही आणि बायकोला पुढं करतो, म्हणजे त्याला काहीतरी हवंय, किंवा हे प्रकरण त्याला आमच्या अंगावर शेकवायचंय.

"आणि तुमचं स्वतःचं मन काय म्हणतं?"

"मालकाच्या म्होरं माझं कसलं मन, पास्टर."

लग्न झालेली बाई बाप्तिस्मा मागू लागली, की नवऱ्यानं येऊन हरकत नाही असं सांगावं, हा माझा नियम होता. घर मोडू नये हा त्यामागचा हेतू. म्हणून मी म्हणालो, "मग एकदा मालकांना घेऊन या." त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "मालकाला मी कसं घिऊन येऊ?" मला वाटलं, सापडली चोरी. नवरा तोंड दाखवायला तयार नाही.

तरी मी त्यांना शिकवणीला बसू दिलं. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं सर्वांसमोर एक कबुली द्यायची असते, येशू माझा प्रभू आहे. सुमनबाई म्हणाल्या, "येशू माझा..." आणि थांबल्या. पदर तोंडाशी गेला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तिथंच अडल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "समदं म्हनते. तेवढं नाव माझ्या तोंडून निघायचं न्हाय."

माझ्यासाठी विषय तिथंच संपला. येशूला प्रभू म्हणायला जिची जीभ वळत नाही, तिला कशाचा बाप्तिस्मा द्यायचा? मी त्यांना थांबायला सांगितलं. "तुमाला वाटंल तवा द्या," म्हणून त्या उठल्या. पण रविवार एकही चुकवला नाही. त्या चिकाटीचाही मला संशय येऊ लागला. घरी हे बोललो, तर बायकोनं ताटात भाकरी टाकता टाकता विचारलं, "बाप्या माणसाला कधी म्हणालात का, बायकोला घेऊन या, तिची हरकत नाही ना बघू?" मी म्हणालो, नवरा घराचं मस्तक असतो. ती पुढची भाकरी थापू लागली. मीही जेवत राहिलो.

उन्हाळ्यात आमच्या सभेतल्या एका आजारी विश्वासूला भेटायला निघालो होतो. अणदूरच्या अलीकडं हायवेवर गाडीची चेन तुटली. भर दुपार, शेजारून ट्रक धडधडत चाललेले. हात करून दमलो, कुणी थांबेना. तेलकट चेन हातात घेऊन मी मोठ्यानंच म्हणालो, "प्रभू, आता तूच बघ रे बाबा."

"काय बघू?"

बांधावरच्या लिंबाखालून एक माणूस विळा घेऊन येत होता. मी दोन पावलं मागं सरलो.

"माझं नाव कुनी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. मी देवाला म्हणत होतो."

"मंग देव हितं गवत कापतोय व्हय?" असं म्हणत तो खाली बसला. खिशातून तार काढली, चेन जोडू लागला. माझ्या पिशवीतलं पवित्र शास्त्र त्याला दिसलं. "तुमी नळदुर्गचे पास्टर का? सुमन तुमच्याकडंच येती. आमची मंडळी."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तोही संशयाचाच. "तुम्हीच पाठवता ना त्यांना?"

"मी? मला इचारतंय कोन? आदी मला मालक म्हनायची. जेवा मालक, निजा मालक. तुमच्याकडं यायला लागली आन् तेबी गेलं. म्हनली, मालक एकच, ते तुमी न्हाय. नाव तर लगीन लागल्यापासनं घेतलं न्हाय. आता मी नुसता 'अवो' राहिलोय."

मी तिथंच, तापलेल्या मातीवर बसलो. माझ्या आईनंही जन्मभर वडिलांचं नाव उच्चारलं नव्हतं. एवढं डोळ्यांदेखत असून मला कसं सुचलं नाही? नवऱ्याचं नाव प्रभू, म्हणून ती देवाला प्रभू म्हणू शकत नव्हती. आणि ज्याच्या पुढं तिचं मन उरलं नव्हतं, ज्याला घेऊन ये म्हणून मी सांगत होतो, तो मालक हा नव्हताच.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला की. पर मालक म्हनलं, की मानसाला उगंच मालकावानी डाफरावं लागतंय. आता घर निवांत हाय."

गाडी चालू झाली. तरी जाता जाता सवयीनं मी विचारलंच, "त्यांच्या बाप्तिस्म्याला तुमची हरकत नाही ना?"

तो विळा पुसत म्हणाला, "तिच्या मालकाला इचारा."

त्यानंतरच्या महिन्यात एका विश्वासूच्या शेततळ्यात मी सुमनबाईंना बाप्तिस्मा दिला. प्रभू काठावर चपला सांभाळत उभा होता. कबुलीचा शब्द मी बदलला. विचारलं, "येशू तुमचा कोण?" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मालक." पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं त्या पाण्याखाली गेल्या आणि वर आल्या. काठावरून आवाज आला, "अगं, पदर सांभाळ." सगळे हसले, त्याही हसल्या.

नवऱ्याला आणायचा नियम मी सोडून दिला आहे. आता नवरा असो की बायको, एकच विचारतो, घरात मालक कोण? चेन त्या दिवशी तिथंच का तुटली, याचा मी वाद घालत नाही. दारात नवं माणूस आलं की अजूनही माझी नजर त्याच्या मागं जाते. खोड जाता जात नाही. तेव्हा मनातल्या मनात म्हणतो, प्रभू, तूच बघ. आणि जरा थांबतो, कारण एकदा त्यानं विचारलं होतं, काय बघू?