न्हाणीची पायरी

जे आता लिहितो आहे ते मी माझ्या मुलालाही कधी सांगितलेले नाही. तुम्हांला का सांगतो, ते मलाही नीट ठाऊक नाही.

पांढुर्ण्याच्या कोणत्याही कचेरीत माझे नाव घ्या — बाबू लोक कपाळाला हात लावतील. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी पत्रेच लिहीत आलो. तुंबलेल्या नालीबद्दल, तिगावला न थांबणाऱ्या गाडीबद्दल, मुदत उलटलेली औषधे विकणाऱ्यांबद्दल. ‘वस्तुस्थिती दडवणे हाही अपराधच होय’ — हे वाक्य प्रत्येक पत्रात असे. किती तोऱ्यात लिहीत असे मी ते! आणि कोणत्या तोंडाने?

शकुंतला, माझी पत्नी. तिचे सारे आयुष्य सौंसरकडच्या शेतातल्या घरात गेले. संत्र्याची बाग मुलाकडे सोपवून आम्ही पांढुर्ण्याच्या नव्या घरात आलो, आणि त्याच सुमारास बोरगावच्या एका लग्नात, पंगतीतून उठताना, तिचे लुगडे मागून ओले झालेले लोकांनी पाहिले. खरे तर तिला त्याचे फारसे काही वाटले नाही. मला वाटले. पुढे गोधडी रोज धुवावी लागे; तिच्या हातांत पिळण्याचे बळ नव्हते, म्हणून मीच धूत असे आणि रस्त्याकडच्या भिंतीवर वाळत घालत असे. कायद्याची कलमे तोंडपाठ असलेला माणूस, आणि येणारे-जाणारे त्याची भिंत पाहतात!

डॉक्टरांनी लघवी आवरण्याची गोळी दिली. गोधडी कोरडी राहू लागली.

“हे काहाची गोळी आहे जी?” तिने एकदा विचारले.

“ताकदीची,” मी म्हणालो.

नव्या घरात न्हाणीच्या दाराशी एक पायरी आहे, वीतभर उंच. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांतच शकुंतला तिथे ठेचकाळू लागली. अंगठा धरून कळवळायची. आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायरीला तोच अंगठा.

“डोये फुटले काय तुये?” मी ओरडायचो.

ती ओशाळून हसायची. “हे पायरी आजच बसवली काय जी?”

दिवाळीला माझी पुतणी वैशाली आली. ती नागपूरला औषधांवर संशोधन करते — उंदरांवर. तिने चहा पिता पिता सांगितले : घंटी वाजवायची आणि लगेच पायाला विजेचा हलका झटका द्यायचा. थोड्याच वेळात उंदीर शिकतो. नुसती घंटी ऐकली तरी जागीच थिजतो. पण मेंदूत असिटिलकोलीन नावाचे एक द्रव्य असते, त्याचे काम अडवणारे औषध आधी टोचले, तर झटका बसताच उंदीर उडतो पूर्वीसारखाच, मात्र दुसऱ्या दिवशी घंटी वाजली तरी खुशाल मिशा साफ करत बसतो. दुखणे त्याला कळते. दुखण्याची आणि घंटीची गाठ पडत नाही.

“उंदरांची संमती घेतली होती काय तुम्ही?” मी टोमणा मारला.

“समितीची घेतली, काकाजी. उंदरायले सही येत नाही ना!” ती हसली. तेवढ्यात न्हाणीकडून शकुंतलाचे विव्हळणे ऐकू आले. वैशाली उठून गेली. परतली ती गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन.

“काकाजी, हे त्याच जातीचं औषध आहे. काकूच्या वयात डोक्यापर्यंत जाऊन राहिलं असंन. डॉक्टरले विचारून बदलवून घ्या. विचारसान ना?”

“विचारतो.”

मी विचारले नाही.

विसरलो, असे म्हणू? विसरण्याचा हक्क तिचा होता, माझा नव्हता. डॉक्टरांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. मी रोज त्यांच्या दारावरून जात होतो. मला फक्त ती भिंत रिकामी हवी होती. हिवाळाभर मी स्वतःच्या हाताने, कोमट पाण्याबरोबर, तिला ती गोळी देत राहिलो. ती तोंड उघडून वाट पाहायची — ताकद येईल म्हणून.

हिवाळा सरता सरता ती त्या पायरीवरच पडली. खुबा मोडला.

आणि मी काय केले? डॉक्टरांना पत्र लिहिले, रजिस्टर पोस्टाने. दुष्परिणामांची कल्पना न दिल्याबद्दल. ते वाक्यही त्यात होते. डॉक्टर स्वतः घरी आले, शकुंतलाच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, “चूक माझी आहे, बाबूजी. गोळीचा काही त्रास होतो का, हे मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं.” मी मान हलवून त्यांची क्षमायाचना मंजूर केली. मंजूर केली!

खुब्याची शस्त्रक्रिया झाली त्या नागपूरच्या रुग्णालयाने ती गोळी बंद केली होती. गोधडी पुन्हा ओली होऊ लागली. उन्हाळ्यात शकुंतला वॉकर धरून चार पावले टाकू लागली. एका सकाळी मी तिच्या मागोमाग न्हाणीकडे निघालो होतो. दाराशी ती थांबली. पायाने पायरी चाचपली, मग वळून माझ्याकडे पाहिले.

“पायरी आहे जी इथं. जपून या.”

ती शिकली होती. गोळी नसती, तर हिवाळ्यातच शिकली असती.

त्यानंतर संत्री पिकायच्या आत ती गेली. डॉक्टर अजूनही रस्त्यात भेटले की मान खाली घालून नमस्कार करतात, आणि मी तो घेतो. पायरी मी फोडलेली नाही. रोज सकाळी तिथे पोचलो की माझा पाय आपोआप उचलला जातो.