बाळोजीची शाखा

दिल्लीला आलेला पाहुणा ताजमहाल बघून परत जातो. आमच्या काकांकडे आलेला पाहुणा पानिपत बघून परत जायचा. ताजमहालाचं नाव त्याने काढलंच तर काका विचारायचे, "तिथे आपलं कोण आहे?" मग तो बिचारा काकांच्या मारुतीत बसून, काकूने दिलेला पुऱ्यांचा डबा मांडीवर सांभाळत, जी. टी. रोडची धूळ खात निघायचा. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत काकांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं. एरवी सगळ्यांचे ते पानिपतकाका.

मी नोकरीसाठी साताऱ्याहून त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा गुडगावात काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एकीत मी रोज चार्टर्ड बसने जायचे. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. घरात केबल आली, कोपऱ्यावर पिझ्झा आला, पण त्यांचं लक्ष अडीचशे वर्षांपूर्वी लढाईवरून परत न आलेल्या माणसांकडे. त्यांचं म्हणणं असं, की ते सगळे काही मेले नाहीत. काही जण तिथेच राहिले, शेती करू लागले, आणि आपण त्यांची साधी चौकशीसुद्धा केली नाही. "घरचं माणूस जत्रेत हरवलं तर आपल्याला घास गोड लागतो का गं?" असं ते तिसरी पोळी वाढून घेताना विचारत.

चौकशीचं काम मग त्यांनी एकट्याने अंगावर घेतलं. ढाब्यावर, पेट्रोलपंपावर, रेल्वेफाटकाशी, जिथे गाडी थांबेल तिथे ते समोरच्याचं नाक निरखून बघत. "हे नाक वाई-साताऱ्याच्या बाहेर होत नाही," असा एकदा निर्णय झाला की विचारत, "आपके दादा के दादा किधर के थे?" एका ट्रक ड्रायव्हरने शांतपणे उत्तर दिलं, "लाहौर के, जी." काका जराही विचलित झाले नाहीत. गाडीत बसताना मला म्हणाले, "त्याला घरच्यांनी सांगितलेलं दिसत नाही."

आमच्या घराण्याची वंशावळ त्यांनी ड्रॉइंग पेपरवर स्वतः काढली होती. त्यात बाळोजी नावाचा एक पूर्वज होता. तो पानिपतावर गेला आणि त्याच्याखाली सगळं कोरं. त्या कोऱ्या जागेकडे बघून काका इतके हळवे व्हायचे, की सख्ख्या भावाचं पत्र आलं तरी एवढे होत नसत.

अशा घरात मी एक दिवस जेवताना सांगून बसले, की माझ्या ऑफिसात रणबीर नावाचा मुलगा आहे, पानिपतजवळच्या गावचा, आणि त्याची आजी म्हणायची की आमचे लोक दख्खनेतून आले. काकांच्या हातातला घास हातातच राहिला. पुढच्या रविवारी आम्ही त्या गावात. तिथल्या चौपालीवर, म्हणजे गावाच्या चावडीवर, रणबीरच्या ताऊजींसमोर, त्याच्या थोरल्या चुलत्यांसमोर, काकांनी वंशावळ उलगडली, मोठ्याने वाचून दाखवली आणि बाळोजीखाली त्यांच्या अख्ख्या खानदानाची नावं शाईने लिहून टाकली. गावाने काकांना पगडी बांधली, लस्सी पाजली. मग दर पंधरा दिवसांनी फेरी ठरलेली. गणपतीत तर काकांनी रणबीरला मंडळाच्या स्टेजवर उभं केलं आणि माइकवर म्हणाले, "हा आपल्या रक्ताचा माणूस. अडीचशे वर्षांनी घरी आलाय." बायकांनी डोळे पुसले.

इकडे त्या फेऱ्यांमध्ये मागच्या सीटवर मी आणि रणबीर, मध्ये पुऱ्यांचा डबा. काका एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात हवेत ठेवून तोफा कुठे होत्या ते दाखवत. मागे काय चाललंय हे त्यांना दोन वर्षांत कळलं नाही. शेवटी मीच सांगितलं, "काका, मला रणबीरशी लग्न करायचंय."

"अगं, पण तो हरियाणवी आहे!"

"अहो, गणपतीत तर रक्ताचा होता," काकू पोळी लाटता लाटता म्हणाली.

साताऱ्याहून बाबांचा फोन आला: "दादा हो म्हणाला तर आमचं हो. तो नाही म्हणाला तर नोकरी पुरे, घरी ये." सगळं काकांवर येऊन ठेपलं. आठ दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी रणबीरला बोलावून एकच प्रश्न विचारला, "घूंघट?"

"माँ करती है, काकाजी. ये नहीं करेगी."

"बिल्कुल?"

"बिल्कुल."

काका हो म्हणाले. मी आनंदाने रडले. पण नकार आला तो भलतीकडून. आम्ही मागणी घालायला रणबीरच्या गावी गेलो, तेव्हा ताऊजींनी हुक्का बाजूला ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "बाबूजी, थमनै खुद कह्या था, हम एक ए खानदान के सां. फेर तो ये बाहण-भाई होए. ब्याह क्यूकर होवैगा?"

एका खानदानात सोयरीक तिथे होत नाही. पोरांनी पळून जाऊन केलीच, तर गाव त्यांना गावात ठेवत नाही. रणबीरची आई दाराआड उभी राहून रडत होती. आम्हाला वेगळं करणारी भिंत काकांनी स्वतःच्या अक्षरात, शाईने बांधली होती.

मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी पिशवीतून वंशावळ काढली, खिशातलं पेन काढलं आणि सगळ्या चौपालीसमोर बाळोजीखालची नावं एकेक करून खोडली. रणबीरचं नाव खोडताना हात थोडा थांबला.

"ताऊजी," ते म्हणाले, "मेरे से गलती हुई. बूढ़ा आदमी, नाक देखके बोल दिया. बाळोजी उधरीच मर गया होएंगा. हमारा आपका कुछ रिश्ता नहीं. कुछ भी नहीं." त्यांनी कागद ताऊजींपुढे सरकवला. "इसीलिए रिश्ता माँगने आया हूँ."

ताऊजींनी काकांकडे पाहिलं, मग त्या खोडलेल्या कागदाकडे. म्हातारा खुळा नव्हता. काका खोटं बोलताहेत, हे त्यांनाही कळलं असावं. "फेर तो कोई अड़चन कोन्या," मग तर काहीच अडचण नाही, असं म्हणून त्यांनी लस्सी मागवली.

लस्सीचा तोच उंच पितळी पेला आला. दोन वर्षं काका तो भावकीच्या हक्काने एका दमात रिकामा करत आणि दुसरा मागून घेत. त्या दिवशी त्यांनी पेल्याला फक्त हात लावला आणि तो खाली ठेवला.

"अब नहीं," ते म्हणाले. "अब बेटी का घर है."

मुलीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही तिथली जुनी रीत. त्यांना ती कोणी सांगितली नव्हती, लोकांची नाकं बघत हिंडताना त्यांनीच ती टिपली असणार. पुढे आम्ही गुडगावात फ्लॅट घेतला. मी किती भांडले, की काका, इथे कोण बघतंय, चहा तरी घ्या. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "गुडगाव हरियाणातच येतं." वारले त्याच्या पंधरा दिवस आधी ते मला भेटायला आले होते. धाप लागत होती. सोफ्यावर टेकले, काखेतली बाटली काढली आणि मयूर विहारहून आणलेलं पाणी घोट घोट प्यायले.