विमानातली बैठक

खनिजाचे ट्रक डिचोलीच्या रस्त्यावरून धावत होते तोवर विठूला मान वर करायला फुरसत नव्हती. ट्रकच्या सीटा शिवणारे बाजारात आणखीही होते, पण ड्रायव्हर मंडळी वळायची ती विठूकडेच. तो गिऱ्हाइकाला आधी पाटावर बसवायचा, पाठीमागून निरखायचा, कमरेत पोकळी कुठे राहते ते हाताने चाचपायचा आणि मगच दाभण हातात घ्यायचा. वर लाड असायचे ते वेगळेच. उन्हाच्या बाजूला पडदा, पाण्याच्या बाटलीला खण, कोपराखाली मऊ पट्टी. "विठू, तू सीट करतंस की बाळंतिणीची खाट?" म्हणून ड्रायव्हर चेष्टा करत, आणि एकदा बसले की उठायचं नाव घेत नसत.

सीट द्यायच्या आधी विठू नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा. ही त्याच्या बापाची रीत, दोडामार्गाकडून येताना बरोबर आणलेली. "बा देवा महाराजा, ह्या बैठकेर जो बसतलो, तेका सुखान बसय आणि सुखान उठय." दुकानात असतील तेवढे सगळे "व्हय महाराजा!" म्हणायचे आणि मग सीट ट्रकात चढायची.

सगळ्यांत मऊ सीट त्याने आपल्या मुलासाठी केली. गोकुळदास नवा नवा ड्रायव्हर झाला होता, खेपांमागून खेपा मारणारा, अंगात रग असलेला. एका भर दुपारी त्याला चाकावर डुलकी लागली आणि भरलेला ट्रक वळण सोडून खालच्या ओढ्यात गेला. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा जीव राहिला नव्हता. सीट मात्र जशीच्या तशी होती, एक टाका उसवला नव्हता. विठूच्या मनाने घेतलं की पोराला आपणच झोपवलं.

हे तो कुणापाशी बोलला नाही, बायकोपाशीही नाही. पण त्यानंतर त्याच्या हातून मऊ सीट झाली नाही. काथ्या ठेचून ठेचून तो फळीसारखा कडक करायचा, पडद्याचं नाव काढलं की अंगावर यायचा. गाऱ्हाणंही बंद झालं. ड्रायव्हर शिव्या घालत दुसरीकडे गेले. त्याच्या बायकोला, पार्वतीला, कळत नव्हतं असं नाही. आज ना उद्या बोलेल म्हणून तीही गप्प राहिली, आणि इथे तिचं चुकलंच म्हणायचं.

पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक घरोघरी उभे राहिले, आणि अशा पडत्या दिवसांत कृष्णनाथ दुकानात आला. या गृहस्थाने उभा जन्म खाणीवरची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात. याने आपल्या गावी, कोरगावात, काजूच्या बागेकडेच्या छपरात, एका माणसापुरतं विमान बांधायला घेतलं. गावाने वेड्यात काढून झालं, परवानग्यांसाठी जोडे झिजवून झाले, सड्यावर, गावाबाहेरच्या कातळमाळावर, धावपट्टीही तयार झाली. आता राहिली होती बसायची जागा.

"खाणीर माझी कंबर गेली, विठू," तो म्हणाला. "पाठीक आधार होयो, पाण्याक खण होयो, उन्हाक पडदो होयो. पण हलकां कर. थंय सगळां वजनकाट्यार घालूचां लागता."

"पडदो नाय, मऊ नाय," विठू म्हणाला. "वयर झोप लागली तर?"

"अरे, विमानात कोण झोपता?" कृष्णनाथ पोट धरून हसला. विठूने फळी पुढे ओढली.

त्याने फळीवर काथ्याची पातळ गादी ठोकून दिली, नारळाशिवाय. कृष्णनाथ पडला भिडेचा माणूस. त्याने ती निमूटपणे बसवून घेतली.

चाचणीच्या दिवशी विमान नुसतं जमिनीवरून पळवायचं होतं. वारा पडायची वाट बघत कृष्णनाथ आत बराच वेळ ताटकळला. मग इंजिन गरजलं, विमान सुटलं, आणि अर्ध्या पट्टीवरून वाकडं होऊन थेट काजूच्या झाडांत घुसलं. पंखाचं टोक मोडलं, कृष्णनाथच्या कपाळाला टाके पडले.

बातमी कळताच विठू कोरगावला धावला. कपाळाला पट्टी बांधलेला कृष्णनाथ खाटेवर पडून होता. दोष कुणाला दिला नाही त्याने. "शेपूट वळवूचे दांडे पायाकडे आसत," तो म्हणाला. "बसान बसान पायच बधिर झाले, विठू. दांडो दाबलंय काय नाय, ताच माका कळूक नाय."

घरी आल्यावर विठू जेवायला बसला. ताट बाजूला सारून तो पार्वतीला म्हणाला, "गोकुळाक मी मऊ सीटीर झोपयलंय. आता ह्याका कडक सीटीर मारूक निघालंय."

पार्वती त्याच्या समोर बसली. "सीटीन झोपवूक नाय तेका. दिसरात खेपो मारी होतो. घराक जेवूकसुद्धा येय नाय होतो, चाकार बसान भाकरी खाय होतो. झोप येवचीच होती तेका. तुझी सीट मऊ होती म्हणान शेवटाक तरी पोराची पाठ टेकली."

"इतकी वर्सां बोलूक नाय कित्याक?"

"तू विचारूक नाय," ती म्हणाली. तिने ताट पुन्हा त्याच्यापुढे सारलं.

पंख दुरुस्त होईपर्यंत विठू कोरगावला जातयेत राहिला. कृष्णनाथला त्याने पाटावर बसवलं, कंबर चाचपली. काथ्या जड म्हणून सावरीचा कापूस भरला. पार्वतीच्या विरलेल्या लुगड्याचा पडदा केला, बाटलीला जाळीची पिशवी, कोपराखाली पट्टी. एकेक वस्तू काट्यावर चढवून कृष्णनाथ कुरकुरायचा आणि विठू पुन्हा उसवून हलकी करायचा. हात विसरले नव्हते, याचं त्याला स्वतःलाच रडू आलं.

उड्डाणाच्या सकाळी सड्यावर निम्मं कोरगाव जमलं. विठूने विमानासमोर नारळ ठेवला. "बा देवा महाराजा, ह्या बैठकेर जो बसतलो, तेका सुखान बसय," इथवर आवाज नीट आला. पुढचं त्याला म्हणवेना. माणसं खोळंबली. तेव्हा मागून पार्वती मोठ्याने म्हणाली, "आणि सुखान उठय!"

"व्हय महाराजा!" सगळा सडा म्हणाला.

विमान उठलं, काजूच्या शेंड्यांवरून गेलं, नदीकडे वळलं. पोरंबाळं ओरडत होती. विठूने वर पाहिलंच नाही. तो खाली मान घालून त्या नारळाकडे बघत उभा होता. चाकं जमिनीला लागल्याचा आवाज आला, इंजिन थांबलं, तेव्हा कुठे त्याने नजर उचलली, तीही बैठकीवर.

कृष्णनाथने लुगड्याचा पडदा सारला, बैठकीचे दोन्ही काठ धरले आणि सावकाश आपल्या पायांवर उभा राहिला.

"उठलो गो तो," विठू पार्वतीला म्हणाला, आणि भर लोकांत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.