रविवारपर्यंतचा सराव

बुधवारी संध्याकाळी गच्चीवर सुदामरावांनी मुलाचा फोन कापला. ती आमची शेवटची भेट. मी वाळलेले कपडे काढत होते, ते कठड्याला टेकून उभे होते. फोन वाजला, सुमेधचं नाव दिसलं, त्यांनी ते नीट बघून घेतलं... आणि फोन बंद केला. "उचला की," मी म्हटलं. "रविवार कुठं आलाय अजून, ताई?" असं म्हणून ते चादरीचं दुसरं टोक धरायला पुढे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीत कुणाच्याच नळाला पाणी आलं नाही. मोटर रोज तेच चालू करायचे. मी खाली गेले, दार वाजवलं, हाका मारल्या आणि शेवटी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. ते झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

अंबरपेठेतल्या या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे, मी पहिल्या मजल्यावर. त्यांचे वडील परभणीकडून पोटामागे हैदराबादला आले, सुदामराव वीजखात्यात कारकून झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमची मंडळी निजामाच्या राज्यापासून इथलीच, शेती करणारी. तसं पाहिलं तर आमचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण मराठीत भांडायला आसपास दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आमचं जमलं. त्यांनी मला ताई केलं आणि त्यांच्या सुमेधनं आत्या. रत्नमाला, म्हणजे सुदामरावांची बायको गेली तेव्हा सुमेध कॉलेजात होता. वडील एकटे पडतील म्हणून त्यानं कॉलेज सोडून घरी बसायचं ठरवलं होतं. सुदामरावांनी त्याला जवळजवळ ढकलून कॉलेजात पाठवलं. पुढे तो फौजेत गेला. तिथून रोज संध्याकाळी फोन यायचा आणि सुदामराव स्पीकर लावून अंगणात फेऱ्या मारत बोलायचे. त्यामुळे बुटानं त्याच्या टाचेला फोड आला की अख्ख्या इमारतीला कळायचं.

मग सुमेधची शांतिसेनेसाठी निवड झाली. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात जायचं, त्याआधी दिल्लीजवळच्या छावणीत प्रशिक्षण. निघायची तारीख ठरली, पुढे गेली, पुन्हा ठरली, पुन्हा पुढे गेली. पोराची पेटी भरलेली आणि तो तिथंच. आफ्रिकेतून घरी फोन आठवड्यातून एकदाच करता येईल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं ते सहज वडिलांना सांगितलं आणि इथं सुदामरावांनी सराव सुरू केला. फोन फक्त रविवारी. मधल्या दिवशी आला तर कापायचा. सुमेध वैतागला. "पप्पा, मी अजून इंडियातच आहे ना! टाइम बी आहे, रेंज बी आहे." तर हे म्हणाले, "आहे तोवरच सराव करायचा, बाबा. गेल्यावर कशाला?"

मला हा प्रकार मुळीच पटला नव्हता. उद्या जेवायला मिळणार नाही म्हणून कुणी आजपासून उपाशी बसतं का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. "हौ ताई, तुमच्याशी कोण जिंकणार," म्हणून हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "तो निघायच्या दिवशी माझा आवाज हलला ना, तर तो जायचा नाही. त्याच्या आईच्या वेळेला बघितलं की तुम्ही. माझ्यापायी त्यानं थांबायचं नक्को." मला बोलायचं पुष्कळ होतं, पण त्यांचा चेहरा बघवला नाही.

रविवारी संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची आणि इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसून फोन लावायचा. व्हिडिओ नव्हे, साधाच फोन! पण बाकीचे सहा दिवस... त्या दिवसांची साक्षीदार मीच. हा माणूस कढीपत्ता मागायला वर यायचा आणि तो न घेताच खाली जायचा. टीव्ही लावून आवाज बंद ठेवायचा. मनात येईल ते मला सांगायचं आणि वर बजावायचं, "हे रविवारी सुमेधला सांगायचंय, लक्षात ठेवा." कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, मलकपेठेच्या बाजारात वांगी काय भावानं मिळाली. रविवारी निम्मं विसरायचे, मग मी जिन्यातून ओरडून आठवण करून द्यायची. त्या शेवटच्या बुधवारीही चादरीची घडी घालताना म्हणाले, "कोपऱ्यावरच्या इराण्यानं उस्मानिया बिस्किट लहान केलंय, ताई. सुमेधला सांगायचंय." आणि जिना उतरून गेले.

सुमेध आला तो वाळून काटा झालेला. सगळं आटोपल्यावर वडिलांच्या खोलीत बसून राहिला. त्याला वरिष्ठांनी सांगितलं होतं, नको वाटत असेल तर नाव मागे घे. "आत्या," तो म्हणाला, "आता मागं कुणीच नाही. तरी जाणं अजून जड कायकू व्हायलंय?" गच्चीवर, जिन्यात, कढीपत्त्याच्या निमित्तानं त्याचे वडील जे काही बोलले होते ते मी त्याला सांगितलं. आवाज हलण्याचंही सांगितलं, फक्त बिस्किटाचं तेवढं राहिलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरलेले होते. परत जाताना त्यानं सुदामरावांचा फोन माझ्या हातात दिला. "हा चालू ठेवा. नंबर जाऊ देऊ नका." नाव त्यानं मागे घेतलं नाही. तारीख मात्र अजून आलेली नाही.

आता सकाळी मोटर मी चालू करते. फोन त्यांच्याच टेबलावर चार्जिंगला असतो. संध्याकाळी खाली जाऊन दिवा लावते आणि थोडा वेळ त्यांच्या खुर्चीसमोर बसते, खुर्चीत नाही. मला करमत नाही. या इमारतीत मी आता कुणाशी भांडू? सुमेध दर रविवारी त्याच नंबरवर फोन करतो. जेवलास का, जेवलात का, एवढंच बोलणं होतं. बिस्किटाचं सांगायचं दर वेळी ठरवते आणि न सांगताच फोन ठेवते.

गेल्या बुधवारी खोली झाडत होते, तर फोन वाजला. सुमेधचं नाव. माझा हात आधी फोन कापायलाच गेला... मग मी उचलला.

"आत्या, आज बुधवार आहे, माहीत आहे मला," तो म्हणाला. "काम काही नव्हतं. असा केला तर चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. "तुझ्या पप्पांनी तुला एक सांगायला ठेवलंय. इराण्यानं उस्मानिया बिस्किट लहान केलंय."

मग त्यानं विचारलं, "किती लहान?"

मी झाडू बाजूला ठेवला आणि सुदामरावांच्या खुर्चीत बसले.