निळ्या हाताचं पान

भातकुलीच्या आमच्या घरात सकाळचं ऊन आधी भिंतीवरच्या वर्तमानपत्राच्या पानावर येतं. त्या पानावर माझ्या धाकट्या भावाच्या हाताचा निळा ठसा आहे. तान्ह्या पोळ्यासाठी तो लाकडी बैल रंगवत बसला होता, खाली पेपर अंथरलेला, आणि माखलेला हात त्यानं त्यावरच टेकवला. पुढच्या पोळ्याला तो नव्हता. तापानं गेला. आईनं ते पान भिंतीवर लावलं. तेव्हापासून पूजा आटोपली की ती त्याच्यासमोर बसते. ऊन सरकत येतं तशी निळी बोटं हलल्यासारखी वाटतात. मलाही वाटतात, खोटं कशाला बोलू!

पण पान पिवळं पडत चाललं होतं, काठ तर चहा सांडल्यासारखे. मी अकोल्याला एका कॉलेजच्या लायब्ररीत जुनी पुस्तकं सांभाळते. लाकडाच्या लगद्याचा कागद उजेडानं पिवळा पडतो, मग ठिसूळ होऊन तुटतो, हे जगाला सांगत फिरते. घरात मात्र दिव्याखाली अंधार.

एका रविवारी कंबर कसली. खिडकीच्या काचेला अतिनील किरणं अडवणारी फिल्म चिकटवली, जाड पडदा लावला. तेवढ्यानंही समाधान होईना. पान अलगद काढून, आम्ल नसलेल्या दोन कागदांमध्ये ठेवून कपाटाच्या खणात बंद केलं आणि भिंतीवर त्याची रंगीत झेरॉक्स लावली. अगदी हुबेहूब. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

सोमवारी पूजा झाली, पण आई भिंतीसमोर बसली नाही. कपाटापाशी जाऊन बसली, दाराला पाठ टेकून. मला बडनेऱ्याहून गाडी गाठायची होती, मी चिडलेच.

"अगं, उजेडात ठेवलं तर तुकडे पडतील त्याचे! मग काय पाहशील?"

"मले समजते बाई. तू चांगलंच करून राहिली," ती म्हणाली. "पण त्याले अंधाराचं भेव वाटे. झोपतानी दिवा इझवू देत नव्हता."

गाडी गेली तर गेली. मी खण उघडला.

पान आता फ्रेममध्ये, पुन्हा त्याच भिंतीवर आहे. फिल्म तशीच आहे, पडदाही दिवसभर ओढलेला असतो. सकाळी तेवढा आई तो बाजूला सारते आणि हळूच म्हणते, "उजाडलं रे, बापू."