खिरापत ओळखायची असेल तर खराटा आणा

गोजरबाई आमच्या चिखलीच्या इमलीपुऱ्यात भाजीची गाडी लावतात. एकच वांगं हातात घेऊन फिरवत बसणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या विचारतात, "सोयरीक करून राह्यल्या का त्याच्यासंग?" गिऱ्हाईक हसतं आणि पाव किलोऐवजी अर्धा किलो नेतं.

यंदा मात्र बाईंचंच हसू आटलं होतं. गल्लीच्या मधोमध चिंचेखाली मोकळी जागा आहे. तिच्या एका अंगाला कचरा, दुसऱ्या अंगाला भाऊराव आणि मंडळींचा पत्त्यांचा अड्डा. संध्याकाळी तिथून बाईमाणूस जात नसे. नात निशिगंधा शिकवणीहून मोठा वळसा घालून घरी यायची. शेवटी मुलगा निवृत्ती वैतागला. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये राहायला जायचं, असं त्यानं जाहीर केलं. लग्न होऊन उंद्रीहून आल्या तेव्हापासून बाईंना हीच गल्ली ठाऊक. ती सोडायला त्या तयार नव्हत्या.

पण अड्ड्यावाल्यांशी भांडायला त्या गेल्या नाहीत. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसते. मुली महिनाभर तिच्यापुढे गाणी म्हणतात. बाईंनी ती घरात न बसवता थेट चिंचेखाली बसवली. सून वंदनाला घेऊन तेवढी जागा झाडली आणि गल्लीतल्या पोरींना आयांसकट बोलावलं. रोजची झाडझूड पोरींकडे आली. आता देवीसमोर शिव्या कशा द्यायच्या? आणि शिव्यांवाचून पत्ते कसे खेळायचे? मंडळी फार अडचणीत आली.

गाणी संपली की झाकलेला डबा हलवायचा आणि आतली खिरापत ओळखायची, ही रीत. पोरींना ओळखता येईना. भाऊरावांना राहवलं नाही. मान न उचलता ते म्हणाले, "शेंगदाण्याचे लाडू."

"चूक," बाई म्हणाल्या. "आन् ज्यानं जागा झाडली त्यालेच वळखाचा हक्क हाय. तुमी काऊन बोलून राह्यले?"

एवढा अपमान पत्त्यांतही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी भाऊराव खराटा घेऊन हजर. मग त्यांचे भिडूही आले. डब्याच्या आवाजावर गंभीर चर्चा झडू लागल्या: खुळखुळला तर फुटाणे, थपकन वाजला तर शिरा. पत्ते घरीच राहू लागले. कचऱ्याचा ढीग उचलायला पालिकेची गाडी भाऊरावांनीच बोलावली, आणि तिथे कोणी साल जरी टाकली तरी तेच अंगावर धावून जाऊ लागले.

कोजागिरीला, भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी, निशिगंधा शिकवणीहून सरळ चिंचेखालून आली. मागून निवृत्ती आला. त्यानं भाऊरावांच्या हातून खराटा घेतला.

"तू काऊन झाडून राह्यला?" बाईंनी विचारलं. "तू तं चालला ना लेआउटात?"

निवृत्तीनं झाडून घेतलं, खराटा चिंचेला टेकवला.

"पयले डबा हालव, माय."

त्याला काही खिरापत ओळखता आली नाही. पुढल्या वर्षी ओळखतो म्हणाला.